जुन्या घराच्या भिंतींना आतून इन्सुलेशन, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही मँचेस्टरला राहतो, गेल्या वर्षी व्हिक्टोरियन टेरेस (एकोणिसाव्या शतकातलं, रांगेतलं) घर घेतलंय, भिंती 9 इंची भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही, त्यामुळे पोकळी भरायचा प्रश्नच येत नाही. बाहेरून करावं तर समोरची लाल वीट झाकली जाईल, ते जिवावर येतं. म्हणून आतून.

मागच्या बेडरूममध्ये मुलगी झोपते. कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, प्लास्टर हाताला गार आणि ओलसर, बोट लावलं की भुगा पडतो. तिचा खोकला जात नाहीये, म्हणून घाई आहे.

बिल्डर म्हणतो पीआयआर बोर्ड (कडक प्लास्टिक फोमचे) चिकटवून टाकू, दोन दिवसांचं काम. पण मी वाचलंय की जुन्या विटेला श्वास घेऊ दिला नाही तर ओल बोर्डाच्या मागे साठते आणि भिंतीत घुसलेली लाकडी तुळयांची टोकं कुजतात, तेव्हा वुड फायबर (लाकडाच्या तंतूंचे) बोर्ड आणि वर चुन्याचं प्लास्टर बरं. यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता बाहेर जाते त्याचं माप, जितकी कमी तितकी चांगली) 0.30 गाठायची तर पीआयआर 60-65 मिमी पुरतो, वुड फायबर मात्र 100 च्या वर जातो आणि खोली जेमतेम अडीच मीटर रुंद!

कुणी वुड फायबर लावलंय का, 60 मिमीवरच थांबलात तर फरक जाणवतो का? खिडकीच्या कडांना काय केलंत? आणि आधी छपराच्या पन्हळी, विटांमधले सांधे दुरुस्त करून भिंत किती दिवस सुकू द्यायची? प्लीज अनुभव सांगा, पुढच्या आठवड्यात बिल्डरला उत्तर द्यायचंय.