मदत हवी आहे: लोड वाढला की डीसी जनरेटरचा व्होल्टेज इतका का उतरतो?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याला असतो, दांडिया बाजारजवळ. मामांच्या वर्कशॉपमध्ये भंगारातून आणलेला एक जुना डीसी जनरेटर सुरू केलाय, इंडक्शन मोटरवर पट्ट्याने फिरवतो.

नुसता शंट (चुंबकक्षेत्र तयार करणारी, आउटपुटला समांतर जोडलेली फील्ड कॉइल) जोडला तर बिनलोड २२० व्होल्ट मिळतात, १० अँपिअरला १९८. आर्मेचरचा (फिरणाऱ्या गुंडाळीचा) रोध ०.९ ओहम मोजला, म्हणजे साधारण ९.५ व्होल्ट तिथे गेले, ब्रशांवर (फिरत्या भागातून करंट बाहेर घेणारे कार्बनचे तुकडे) दोनेक. उरलेले दहा-अकरा? व्होल्टेज घटला की फील्डचा करंटही घटतो (०.६० वरून ०.५४ झाला), शिवाय आर्मेचर रिॲक्शन (आर्मेचरच्या करंटमुळे मुख्य चुंबकक्षेत्र कमजोर होणं). आणि लोडवर मोटरही १४८० वरून १४५५ फेऱ्यांवर येते, हे मी आधी विसरलोच होतो! या तिघांचा वाटा वेगळा कसा काढायचा? फील्डला बाहेरून स्थिर करंट दिला तर जमेल का?

खरी अडचण पुढेच आहे. कंपाउंड करायला, म्हणजे शंटला मदत म्हणून, लोडचा करंट जिच्यातून जातो ती सिरीज कॉइल जोडली, तर व्होल्टेज सावरायच्या ऐवजी १० अँपिअरला १७० वर आला. मला वाटतं सिरीजची टोकं उलटी लागून ती शंटच्या विरुद्ध काम करतेय. मामा म्हणतात, "ब्रश सरकव." पण बिनलोड स्पार्किंग अजिबात नाही, म्हणून मन तयार होत नाही.

फक्त सिरीजचीच टोकं बदलायची ना? शंटला हात लावला तर उरलेलं चुंबकत्व पुसलं जाईल अशी भीती वाटते. अनुभवी काका-दादांनी सांगावं.