दोन प्रोसेसर लावले की डेबियनचा इन्स्टॉलर सुरूच होत नाही

प्रश्न
ड्युअल-सॉकेट वर्कस्टेशन आहे. झिऑन ई५-२६५० व्ही२ दोन, रॅम ३२ जीबी. डेबियन १२ (लिनक्स) टाकायचंय. पेनड्राइव्हवरून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू येतो, इन्स्टॉल निवडलं की काळी स्क्रीन. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. आयएसओचा (इन्स्टॉलरच्या फाइलचा) चेकसम जुळतो, म्हणजे फाइल खराब नाही. दुसरा प्रोसेसर काढला की इन्स्टॉलर नीट चालतो. तो प्रोसेसर गेला असं समजायचं का?

उत्तर १
एवढ्यावरून नाही. आधी गाडी कुठे अडते ते बघा. ग्रबमध्ये 'ई' दाबा, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीतला 'क्वाएट' (संदेश लपवणारा शब्द) खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. शेवटी एसएमपीबूटची ओळ दिसली, तर दुसऱ्या प्रोसेसरचे कोअर सुरू करतानाच कर्नल अडकतोय.

मग त्याच ओळीत 'मॅक्ससीपीयूज=१' (एकच कोअर वापर) घाला, पण ओळीतल्या तीन आडव्या रेघांच्या (---) आधी. रेघांनंतर लिहिलेलं इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही जातं आणि मशीन कायम एकाच कोअरवर चालत राहतं. 'नोएसएमपी' नको, त्याने आयओ-एपिकही (उपकरणांचे इशारे प्रोसेसरकडे पोचवणारा भाग) बंद होतो.

'एसीपीआय=ऑफ' कुणी सुचवलं तरी घालू नका. प्रोसेसरची यादी कर्नलला एसीपीआयच्या (बायॉसने दिलेल्या हार्डवेअर माहितीच्या) तक्त्यातूनच मिळते. तोच बंद केला की बहुधा एकच कोअर दिसतो, मशीन सुरू होतं आणि दुखणं सुटल्यासारखं वाटतं.

प्रश्नकर्ता
शेवटची ओळ एसएमपीबूटचीच आहे. मॅक्ससीपीयूज घालून इन्स्टॉल पूर्ण झालं.

उत्तर २
आता दुसरा प्रोसेसर पहिल्या सॉकेटमध्ये एकटा लावून बघा. चालला तर चिप बहुतेक ठीक आहे, संशय दुसऱ्या सॉकेटवर. एलजीए २०११ प्रकारच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. तिरका उजेड टाकून वाकलेली पिन किंवा थर्मल पेस्टचा डाग शोधा. कूलरचे स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळा. एका बाजूला जास्त दाब पडला की संपर्क तुटतो. दोन्ही चिपांच्या झाकणावरचा 'एसआर'ने सुरू होणारा क्रमांक एकच हवा, स्टेपिंग (चिपची आवृत्ती) वेगळं असेल तर जोडी बदला. बायॉस जुना असेल तर तोही अद्ययावत करा.

उत्तर ३
रॅमही वाटून लावा. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे चार चॅनेल असतात. ८ जीबीच्या चार स्टिक असतील तर दोन-दोन. सगळी रॅम पहिल्याकडे ठेवली तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी क्यूपीआयमधून (दोन प्रोसेसरांमधल्या दुव्यातून) जावं लागतं. शेवटी पॅरामीटर न घालता बूट करून 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवा: सॉकेट २, हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन म्हणून दिसणं) चालू असेल तर सीपीयू ३२, न्यूमा नोड (प्रोसेसर आणि त्याची रॅम मिळून एक गट) २ दिसायला हवेत.