फ्रेडरिक अ‍ॅटॅक्सिया : आईवडील निरोगी असताना मुलाला कसा?

प्रश्न : माझ्या भाच्याचा चालताना तोल जातो, शर्टाची बटणे लावताना बोटे चुकतात आणि आता फ्रेडरिक अ‍ॅटॅक्सिया या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले आहे, घराण्यात कोणालाही नसलेला हा आजार आनुवंशिक कसा?

उत्तर : नवव्या गुणसूत्रावरील एफएक्सएन जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच हा आजार होतो, त्यामुळे एकेक सदोष प्रत बाळगणारे आईवडील निरोगीच राहतात आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. यात कोणाचीही चूक नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

उत्तर : या सदोष जनुकामुळे फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन कमी पडल्याने मज्जातंतूंबरोबर हृदयाच्या स्नायूंवरही परिणाम होतो आणि मधुमेहही होऊ शकतो, म्हणून इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तशर्करेची तपासणी नियमितपणे करावीच.

उत्तर : १६ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी ओमॅव्हेलॉक्सोलोन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्याने आजार बरा होत नाही, मात्र त्याची गती मंदावू शकते. भाच्याचे वय किती आहे?