तक्रारी बंद झाल्या म्हणजे भांडणं मिटली का?

रानजाई:
एका विश्वस्तांची पोस्ट सगळीकडे फिरतेय. निवडक स्वयंसेवकांना दोन दिवस मध्यस्थी शिकवली, तेव्हापासून कार्यालयात एकही तक्रार आली नाही, प्रत्येक संस्थेने हे करावं, असं त्यांचं म्हणणं. खाली नुसतं कौतुक. मला राहवलं नाही.

मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवायला जायचे. समन्वयकाने एका मुलीची वेळ परस्पर बदलली. तिने ग्रुपवर विचारलं, तर तिला ग्रुपमधूनच काढलं. मग मध्यस्थी ठरली. मध्यस्थ कोण, तर समन्वयकाच्याच हाताखालचा मुलगा, नुकताच शिबिर करून आलेला. बैठक समन्वयकाच्या खोलीत. तो टेबलामागे, ती बाकावर. मुलगा वहीत बघून 'तुला काय वाटलं ते मोकळेपणाने सांग' म्हणायचा आणि लगेच साहेबांच्या तोंडाकडे बघायचा. शेवटी 'माझा गैरसमज झाला' असं तिच्याकडून लिहून घेतलं. ती यायची बंद झाली. तक्रारही बंद झाली!

कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रांसाठी 40 तासांचं प्रशिक्षण असतं. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थाने आपले हितसंबंध आधीच उघड करावेत अशी तरतूद आहे. संस्थांमध्ये मात्र जवळचा माणूसच नेमतात. शिकवायचं तर आधी विश्वस्तांना शिकवा.

ओसरी:
त्या मुलीवर अन्याय झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण दोष खुर्चीवरच्या माणसाचा आणि शिक्षा प्रशिक्षणाला, हे पटत नाही. आमच्या आरोग्य प्रकल्पात औषधांच्या कपाटाच्या किल्लीवरून दोन ताई एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शिबिरं रखडायला लागली. कार्यालयाने दोघींना मेमो दिले, तेढ आणखी वाढली. मग प्रशिक्षण घेतलेली आमचीच एक कार्यकर्ती दोघींच्या घरी जाऊन वेगवेगळी बसली. वार्षिक अहवालात एकीचंच नाव छापलं होतं, दुसरीचं गाळलं होतं. किल्ली हे फक्त निमित्त. हे बाहेरच्या वकिलाला जन्मात कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच गाडीने शिबिराला गेल्या.

बांधावरचा:
हा प्रयोग आपण 2007 पासून बघितलाय. आर. आर. आबा पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम आली, गावातले वाद गावच्या समितीनेच मिटवायचे. मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गुणांवर बक्षीस. आमच्या चुलत्यांचा बांधाचा वाद समितीने एका संध्याकाळी मिटवला. तलाठी नाही, मोजणी नाही. दोघांच्या सह्या, फोटो, संपलं. गावाच्या वेशीवर बोर्ड लागला. पुढच्या पेरणीला पुन्हा कुऱ्हाडी निघाल्या. तुमच्या विश्वस्तांचा 'एकही तक्रार नाही' हा आकडा त्याच जातीचा आहे.

पाणंद:
मोहिमेला सरसकट नावं ठेवू नका. आमच्याकडे समितीने पुढे होऊन आंतरजातीय लग्नं लावली. घरचे मारायला उठले होते, तेव्हा अध्यक्ष स्वतः मुलीचे मामा म्हणून उभे राहिले. चतकोर बांधासाठी तीस तीस वर्षं तालुक्याला खेटे घालणारी माणसं मी बघितलीत. वकिलाच्या फीपायी जमीन गेली. पारावर मिटलं तर तुमच्या पोटात का दुखतं? शहरात बसून लिहिणं सोपं असतं.

बांधावरचा:
शहर कुठलं? मी अजून त्याच बांधावर आहे. लग्नं लावली ते चांगलं केलं, त्याबद्दल समितीला मान आहे. पण पारावर कोण बसतं? आमच्या समितीत भूमिहीन घरातला एकच जण होता, त्यालाही कोणी बोलू दिलं नाही. मजुरीचे पैसे बुडाले तरी 'गावात राहायचंय ना' एवढं ऐकवलं की तंटा मिटायचा.

पाणंद:
तुमचं गाव म्हणजे महाराष्ट्र नव्हे. आमच्या समितीत बायका होत्या, बोलायच्या, आणि दारूचं दुकान त्यांनीच बंद पाडलं. एका वाईट अनुभवावर हजारो लोकांचं फुकट केलेलं काम तुम्ही मातीत घालताय, म्हणून संताप होतो.

मसुदा:
गावकी थोडी बाजूला ठेवा. काही प्रकरणं स्वयंसेवकाने हातातच घेऊ नयेत. लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात विनावेतन काम करणारीही 'कर्मचारी' धरली आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. तडजोड फक्त बाईने स्वतः मागितली तर, तीही समितीमार्फत, आणि पैशाच्या बदल्यात तर नाहीच. तरीही 'आपलीच माणसं आहेत, बसून मिटवू' असं म्हणणारे पदाधिकारी मी पाहिलेत. पैशांची अफरातफर असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जा. आणि कार्यकारिणीत दोन गट पडून चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद) वर्षानुवर्षं अडकतो, ते भांडण मिटवायला कुणी स्वयंसेवक पाठवत नाही.

एसटीचा पास:
प्रवासखर्चाचं कोण बोलणार? आमच्याकडची निम्मी भांडणं थकलेल्या व्हाउचरांची आहेत. तिकिटं चिकटवून कागद द्यायचा, महिनोन्महिने सही नाही. विचारलं तर 'सेवाभाव कमी पडतोय'. अशा वेळी संवादकौशल्याचं शिबिर म्हणजे जखमेवर मीठ. पैसे द्या, भांडण तिथेच संपेल.

ओसरी:
व्हाउचरचं खरं आहे, तिथे मध्यस्थी नको, सही हवी. मसुदा यांची यादीही मान्य. पण रानजाई, किल्लीसारखी भांडणंच जास्त असतात, आणि त्यांच्यासाठी दोन दिवसांचं शिक्षणही काहीच नसण्यापेक्षा बरं.

रानजाई:
बरोबरीच्या दोघींमध्ये असेल, तर बरं, एवढं मी मानते. पण एक बाजू कार्यालयाची असेल, तर मध्यस्थ दुसऱ्या संस्थेतून आणा, बैठक त्या खोलीबाहेर घ्या आणि 'नाही मिटलं' असं लिहायची मुभा कागदावर ठेवा. तुमच्या प्रकल्पात त्या मध्यस्थ कार्यकर्तीने 'नाही मिटलं' असं लिहून दिलं असतं, तर तिला पुढच्या वेळी पुन्हा बोलावलं असतं का?

ओसरी:
आमच्याकडे बोलावलं असतं. सगळीकडे बोलावतील असं नाही म्हणत. बाहेरच्या मध्यस्थाचा मुद्दा कार्यकारिणीपुढे ठेवते, पण त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च कोण मंजूर करणार, तेही सांगा.