प्रतिसाद: लेहला जानेवारीत हॅन्ड वॉर्मर कुठले न्यावेत?

दादा, तुम्ही विचारलंत की हात गरम ठेवायचे हे वॉर्मर पुड्यावाले घ्यावेत की चार्जिंगचे, तर मी दोन्ही नेले होते. आम्ही रत्नागिरीची माणसं, पंख्याशिवाय झोप लागत नाही, त्यामुळे थंडीची अक्कल तिकडे गेल्यावरच आली.

पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळशाची पूड असं असतं, हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्यातून ऊष्णता निघते. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने आपल्या खिडकीचे गज वर्षानुवर्षं गंजतात ना, तेच काम घाईघाईत 😀 म्हणून पाकीट फोडल्याफोडल्या 'गरम होत नाय' म्हणून फेकू नका, पंधरा-वीस मिनिटं द्या. आणि लेहला ३५०० मीटरवर हवा विरळ, तिथे पुडी जरा मंदच चालते. मी हातमोज्यात घट्ट कोंबली तर गारच पडली, बाहेर काढून हलवली तेव्हा परत तापली. अर्धी वापरून झाली की हवाबंद झिपच्या पिशवीत टाका, गंजणं थांबतं, उरलेली दुसऱ्या दिवशी चालते.

चार्जिंगचा लगेच तापतो पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि विमानात तो केबिन बॅगेतच ठेवायचा, चेक-इनमध्ये टाकू नका.

टिचकी मारून तापणारी जेलची पिशवी नकोच, तासाभरात थंड, मग परत उकळत्या पाण्यात घाला, तिकडे कोण बसलंय पाणी उकळत!

कुठलाही असो, थेट कातडीला लावून झोपू नका, माझ्या बायकोच्या पोटरीवर फोड आला होता.