भाच्यानं मारलेलं अस्वल मादी निघालं, आता घरात दोन तट

दांडियाबाजारवाला:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. विषय जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या. माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो, बारा वर्षं झाली, ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं त्यानं शिकारीचं लायसन काढलं, कोर्स वगैरे करून अगदी रीतसर. नोव्हेंबरात एक काळं अस्वल मारलं आणि उत्साहाच्या भरात फोटो टाकला थेट फॅमिली ग्रुपवर, तोही नेमका एकादशीला. माझ्या आईनं (वय ८१, म्हणजे त्याची आजी) चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच विचारलं, अरे, हिची पिल्लं कुठायत? कारण खाली त्यानंच लिहिलेलं की चेक स्टेशनवर (मारलेलं अस्वल तपासायला न्यावं लागतं तिथे) नेल्यावर कळलं मादी आहे, लांबून त्याला नर वाटला होता.

तेव्हापासून ग्रुप शांत. बायको म्हणते कायद्यात बसतंय तर तुम्हाला काय त्रास, बहीण म्हणते माझ्या पोराला खुनी ठरवलंत, आणि मी मधल्या मधे. माझं म्हणणं एवढंच की नर मारला तर एक वेळ समजू शकतो, पण मादी मारायला तिथलं सरकार परवानगी देतंच कसं? आमचे आजोबा बारियाच्या जंगलातल्या जुन्या शिकारींच्या गोष्टी सांगायचे, त्यात गाभण किंवा लेकुरवाळ्या जनावरावर बंदूक उचलायची नाही हा नियम असायचाच. भाचा म्हणतो मामा, हे पॉप्युलेशन मॅनेजमेंट आहे. हे खरंच काही असतं की शिकारीला दिलेलं गोंडस नाव? व्हेज-नॉनव्हेज वाद कृपया नको, आमच्याकडे रविवारी मटण असतंच.

भटका_जांबुघोडा:
काका, गोंडस नाव पण आहे आणि खरं पण आहे, दोन्ही. आधी हिशोब सांगतो, राग मागून करा.

अस्वलांत एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे चार नर कमी झाले तरी पुढच्या वर्षी पिल्लं जवळपास तेवढीच होतात. संख्या वाढणार की घटणार हे ठरतं माद्यांवर. म्हणजे जे सरकार म्हणतं की आम्हाला अस्वलांची संख्या आटोक्यात ठेवायचीय पण माद्या मारू देणार नाही, ते मॅनेजमेंट करत नाहीये, फक्त लोकांना शिकार खेळू देतंय. हे ऐकायला वाईट वाटतं पण गणित असंच आहे.

उलट बाजूनं, माद्या जास्त गेल्या तर अस्वल पटकन सावरत नाही. काळ्या अस्वलाची मादी तीन ते पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, मग एक वर्ष सोडून एक, कारण पिल्लं दीडेक वर्ष आईबरोबरच असतात. हरणासारखं दरवर्षी नाही. म्हणून तिकडे काही राज्यं मारलेल्या अस्वलांत माद्या किती यावर बारीक लक्ष ठेवतात, पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या वर आकडा गेला की धोक्याची घंटा. भाच्याच्या पेनसिल्व्हेनियातच १९७० च्या दशकात अस्वलं इतकी कमी झाली होती की काही वर्षं सीझनच बंद ठेवला होता. नंतर संख्या कितीतरी पट वाढली आणि २०१९ मध्ये एकाच वर्षात ४,६५३ अस्वलं मारली गेली, तिथला विक्रम आहे तो.

आता तुमच्या आजोबांचा नियम. नियम सुंदर आहे पण अस्वलाला लावून बघा. समागम उन्हाळ्यात होतो, पण गर्भ लगेच रुजत नाही, नुसता तरंगत राहतो, नोव्हेंबरच्या आसपास गर्भाशयात रुजतो आणि जानेवारीत गुहेत पिल्लं होतात, पावकिलोची एकेक. पुढचा अख्खा उन्हाळा ती पिल्लांना घेऊन फिरते. म्हणजे नोव्हेंबरात भेटणारी मोठी मादी बहुतेक वेळा एक तर गाभण असते नाहीतर लेकुरवाळी. गाभण नको, लेकुरवाळी नको म्हटलं तर मारायला मोठी मादी उरतच नाही.

शुभांगी_एनजे:
काका मी मूळची बडोद्याच्याच रावपुऱ्यातली, आता न्यू जर्सीच्या वरच्या टोकाला सासर. आमच्याकडे अस्वल म्हणजे फॅमिली ग्रुपचा विषय नाही, सोमवारचा विषय आहे, कारण मंगळवारी कचऱ्याची गाडी येते आणि सोमवारी रात्री डबा बाहेर ठेवला की सकाळी तो शेजाऱ्याच्या अंगणात. एकदा पोळीचं उरलेलं पुरण टाकलेलं, तर मॅडम दोन पिल्लं घेऊन पार्टी करत बसलेल्या, मी आत किचनच्या खिडकीशी हातात लाटणं घेऊन उभी, कशाला कोण जाणे.

इथे या शिकारीवर निवडणुका लढवल्या जातात. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी शिकार बंद करतो म्हणून निवडून आले, २०१८ मध्ये सरकारी जमिनीवर बंद केली, २०२० नंतर पूर्ण बंद, आणि तक्रारी वाढल्या म्हणून २०२२ च्या डिसेंबरात त्यांनीच परत सुरू केली. पण परत सुरू करताना नियम घातला की ७५ पौंडांच्या आतलं पिल्लू मारायचं नाही आणि पिल्लं जवळ असलेलं मोठं अस्वलही मारायचं नाही. म्हणजे तुमच्या आजोबांचा नियम इथे अर्धा का होईना कायद्यात आहे. आता तो पाळला जातो का? धोका दिसला की आई पिल्लांना झाडावर पिटाळते आणि खाली एकटीच दिसते. नवशिक्याला काय कळणार.

आणि २०१४ मध्ये इथल्या रटगर्स विद्यापीठाचा एक विद्यार्थी, आपल्याकडचाच मुलगा, मित्रांबरोबर जंगलात फिरायला गेला आणि अस्वलानं मारला. असं क्वचित होतं पण त्या आठवड्यात आमच्या मंदिरात दुसरं बोलणंच नव्हतं. तेव्हापासून मी 'बिचारी अस्वलं' एवढं म्हणून थांबू शकत नाही. शिकारीच्या बाजूनं पण नाही मी. मुख्य दोष कचऱ्याचा. कोलोरॅडोत डुरांगो गावात लॉकचे डबे वाटून पाहिले तर कचऱ्यावरून होणारे झगडे ६० टक्के कमी झाले. आमच्या गल्लीत मात्र तोच प्लॅस्टिकचा डबा आणि त्यावर एक वीट.

कडवट_कारलं:
सगळं वाचलं. हिशोब छान आहे भटकेभाऊ, पण हिशोब करणारा कोण? ज्यांना ट्रॉफी हवी त्यांच्याच लायसन फीवर ज्यांचा पगार चालतो तेच ठरवणार किती मारायची. फ्लोरिडात २०१५ मध्ये बऱ्याच वर्षांनी सीझन उघडला, आठवडाभर चालणार होता, दोन दिवसांत ३०० च्या आसपास अस्वलं गेली आणि बंद करावा लागला, निम्म्याहून जास्त माद्या, काही तर दूध देणाऱ्या. हे मॅनेजमेंट? याला आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पहिल्याच वाढपात जिलबी संपणं म्हणतात.

भटका_जांबुघोडा:
कारलेभाऊ, फ्लोरिडाचं मी समर्थन करत नाहीये. ती चूक तारखेची पण होती, ऑक्टोबरात खेळवली. गाभण माद्या सगळ्यांच्या आधी गुहेत शिरतात, नर शेवटपर्यंत भटकतात. सीझन जितका उशिरा तितक्या माद्या वाचतात. तारीख दोन-तीन आठवडे इकडची तिकडे केली की कोण मरणार ते बदलतं. तसंच वसंतातली शिकार, तेव्हा पिल्लं अगदी बारकी असतात, आई गेली की संपली. कोलोरॅडोनं १९९२ मध्ये लोकांचं मतदान घेऊन ती बंदच केली. नोव्हेंबरातली पिल्लं निदान दहा महिन्यांची असतात, दूध सुटलेलं असतं, आईशिवाय जगू शकतात. काका, हे आजींना सांगा, थोडं बरं वाटेल.

आणि फीचं म्हणाल तर खरं आहे, पण तोच पैसा जंगल राखायलाही जातो. बंदूक आणि काडतुसांवर टॅक्स आहे तिकडे, तो १९३७ पासून वन्यजीवांसाठीच. आपल्याकडे असं काही नाही आणि आपण उगाच वरच्या पाटावर बसतो. आपल्या गुजरातेत रतनमहालला अस्वलांचं अभयारण्य आहे १९८२ पासून, तिथलं आपलं अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधलं, कोणी हात लावू शकत नाही, ते बरोबरच आहे. पण एप्रिलमध्ये पहाटे महुडा, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला गेलेल्या बाईला विचारा. तिला पण तेच फूल हवं आणि पिल्लं पाठीवर घेतलेल्या रींछणीला (अस्वलाच्या मादीला) पण तेच. आपलं अस्वल घाबरलं की पळत नाही, थेट तोंडावर येतं. कांजेटाकडच्या एका चहावाल्याला एक डोळा नाही, गालावरनं कानापर्यंत शिवण. मी विचारलं राग येतो का, तर म्हणाला तिचं पिल्लू होतं ना भाई, आणि साखर किती टाकू.

दांडियाबाजारवाला:
मंडळी आभार. हा चहावाला माझ्या डोक्यातून जात नाहीये. आणि खरं सांगू, आपल्या विश्वामित्रीत २०२५ च्या गणतीत ४०० च्या वर मगरी निघाल्या, पुराच्या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात, आपण फोन करतो, पोरं येऊन दोरीनं बांधून घेऊन जातात. मारा असं कोणी म्हणत नाही. पण माझं घर काठावर नाही, हेही आहे.

काल रात्री भाच्याशी दीड तास बोललो. आधी चिडला, मग म्हणाला मामा मला पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानं एक सांगितलं ते इथे विचारतो. चेक स्टेशनवर तिचा एक बारका दात काढून घेतला, वय कळायला म्हणे. खरंय?

भटका_जांबुघोडा:
खरंय. सुळ्याच्या मागचा चिमुकला दात असतो. त्याचा पातळ काप करून रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं दिसतात. आणि मादीचं वैशिष्ट्य असं की ज्या वर्षी पिल्लं पाजली त्या वर्षीचं वलय बारीक येतं. वाचणारा पक्का असेल तर ती किती वेळा व्याली तेही सांगतो.

दांडियाबाजारवाला:
हे आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, म्हणजे तिच्या बाळंतपणांचा हिशोब तिच्या दातात असतो होय. मग मला म्हणाली त्याला फोन लाव. त्याच्याशी बोलली, शिकारीचं एक अक्षर काढलं नाही, थंडी किती, जेवलास का, एवढंच. ठेवताना म्हणाली, त्या दाताचा निकाल आला की आधी मला कळव, ग्रुपवर टाकू नकोस.