चर्चा: 'कॅन्सरचं मूळ जंतच, दर महिन्याला गोळी घ्या' ही पोस्ट पसरवणं थांबवा

पित्तनलिका: "प्रत्येक कॅन्सर जंतांमुळेच होतो, महिन्याला आयव्हरमेक्टिन किंवा कुत्र्यांचं फेनबेंडाझोल घ्या." ही पोस्ट परत परत येतेय, म्हणून सविस्तर लिहितो. आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) हिच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे नक्की ठरलेल्या कारणांत, तीनच कृमी आहेत. ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिसमुळे पित्तनलिकेचा कॅन्सर होतो, शिस्टोसोमा हिमॅटोबियममुळे मूत्राशयाचा. आपले गोल जंत, अंकुशकृमी त्या यादीत नाहीत. त्या तिघांवर औषध प्राझिक्वांटेल. आयव्हरमेक्टिन चालत नाही. फेनबेंडाझोल माणसांसाठी मंजूरच नाही, आणि ते घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची नोंद आहे.

सडेतोड_७: म्हणजे जंतांमुळे कॅन्सर होतो हे तुम्हीच मान्य केलंत! सरकार १० फेब्रुवारीला शाळाशाळांत जंतांची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, वाटतं, मग मोठ्यांनी घेतलं तर बिघडलं कुठे?

पित्तनलिका: ती गोळी मुलांच्या आतड्यातल्या जंतांसाठी, रक्तक्षय आणि कुपोषण कमी व्हावं म्हणून. कॅन्सरशी तिचा काय संबंध? कॅन्सरवाला ऑपिस्थॉर्किस येतो माशातून. ईशान्य थायलंडमध्ये नदी-तळ्यातला कच्चा मासा बारीक चिरून लिंबू, मिरची घालून 'कोई प्ला' खातात. लिंबाने मांस पांढरं पडतं, आतली कृमीची अळी जिवंत राहते. ती पित्तनलिकेत चढते आणि १० वर्षंसुद्धा तिथे राहते. सततच्या सुजेतून काही दशकांनी कॅन्सर होतो. मासा नीट शिजवला किंवा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवला की अळी मरते.

स्लाइडवाला: गोळ्यांवर भांडताय, पण तपासणीचं कुणी बोलतच नाही. शौचाच्या एका नमुन्याचा एक थेंब काचेवर घेऊन 'ओव्हा-सिस्ट (परजीवींची अंडी, कोष) दिसले नाहीत' लिहून देणं बंद व्हायला हवं! वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने घ्या. फॉर्मॅलिन-ईथर घालून सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात गरगर फिरवा), चार थर पडतील. वरचे तीन ओतून टाका आणि तळाचा गाळ बघा. पित्तनलिकेतल्या या कृमींचं अंडं जेमतेम २७ बाय १५ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वर झाकण, झाकणाशी खांद्यासारखी कड. पित्तनलिका तुंबली असेल तर अंडी शौचात उतरतच नाहीत. तिथे निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही.

सडेतोड_७: तपासणी इतकी कच्ची, तर औषध आधीच घेतलेलं बरं.

स्लाइडवाला: कुठलं औषध, कुठल्या कृमीवर? ते ठरवायलाच तपासणी लागते. शिवाय प्राझिक्वांटेलने आजचा कृमी मरतो. उद्या पुन्हा कच्चा मासा खाल्ला की पुन्हा लागण. थायलंडमध्ये नेमकं हेच होत आलंय.

गुहागरकर: 'आपल्याकडे नाही' असं सरसकट म्हणू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत हिमॅटोबियमचे रुग्ण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी नोंदवलेत. त्याची अंडी लघवीत सापडतात, शौचात नव्हे. नमुना सकाळी १० ते दुपारी २ मधला घ्यायचा, शेवटच्या थेंबांसकट.

पित्तनलिका: मी 'आपले गोल जंत, अंकुशकृमी' एवढंच लिहिलं होतं. पण गिमवीचा उल्लेख हवा होता, हे खरं. तरी त्यावरही महिन्याची गोळी हा उपाय नाहीच.

सडेतोड_७: बरं, कुत्र्याचं औषध नको, एवढं मान्य. अल्बेंडाझोलवर माझं मत तेच.

पित्तनलिका: मग ती पोस्ट निदान आयव्हरमेक्टिनच्या ओळीसकट तरी पुढे पाठवू नका. कॅन्सरचा रुग्ण ती वाचून केमो लांबवतो.